भांडी कोण घासणार? डिशवॉशरच्या घरापर्यंतच्या प्रवासाची गोष्ट

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. बादशहाच्या दस्तरख्वानावर काय काय वाढले होते, तेही एखाद्या प्रवाशाने लिहून ठेवलेले सापडते. पण दस्तरख्वान उचलल्यावर ती भांडी कोणी घासली, कशाने घासली, रात्री किती वाजेपर्यंत घासली, हे शोधायला गेलो तर हाती फारसे काही लागत नाही. वर्गात मुलांना मी कधी कधी हा प्रश्न विचारते. मुले हसतात. मग एखादी मुलगी म्हणते, "नोकरांनी घासली असतील, मॅडम." उत्तर बरोबर आहे, पण ते नोकर कोण होते, हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही.

आता एक तारीख पाहा. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन सुरू झाले. ही तारीख आपण शाळेत पाठ करतो. त्याच आठवड्यात, ३१ डिसेंबरला, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या लहानशा गावातील एका विधवेने भांडी धुण्याच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज दाखल केला. पेटंट मंजूर झाले २८ डिसेंबर १८८६ रोजी, म्हणजे काँग्रेसच्या अधिवेशनाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी. पेटंटचा क्रमांक ३५५१३९. त्या बाईचे नाव जोसेफिन कॉक्रेन.

म्हणजे भांडी धुण्याचे उपयोगी यंत्र जगात आले त्याला आता जवळजवळ १४० वर्षे होतील. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत ते दिसू लागले ते गेल्या काही वर्षांत. रेडिओ, फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन, मोबाइल सगळे आधी आले. मग ह्याच यंत्राला घरात यायला इतका उशीर का झाला? ते महाग होते, हे एक उत्तर झाले. पण फ्रीजही महाग होता. मला वाटते खरे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट नळ, गटार आणि वीज. दुसरी, भांडी घासणाऱ्या हातांची किंमत.

शेल्बीव्हिलची जोसेफिन

जोसेफिनचा जन्म १८३९ सालचा. वडील जॉन गॅरिस हे अभियंते होते. वयाच्या १९ व्या वर्षी तिचे लग्न विल्यम कॉक्रन यांच्याशी झाले. नवरा व्यापारी होता, राजकारणातही होता, घरी सतत मेजवान्या होत. घरात पिढीजात चिनी मातीची उंची भांडी होती. नोकर ती घासताना त्यांचे कपचे उडत, म्हणून जोसेफिनबाई ती स्वतः धुऊ लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी ठरवले की हे काम करणारे यंत्र कोणी बनवत नसेल तर आपणच बनवायचे.

इथे थोडे थांबायला हवे. हे यंत्र सुचले ते नोकरांच्या हातांना पडलेले घट्टे पाहून सुचलेले नाही. ते सुचले बशीचा कपचा उडाला म्हणून. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८८३ मध्ये नवरा वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. आता यंत्र ही हौस राहिली नाही, पोटाचा प्रश्न झाला. घराच्या मागे लाकडाच्या खोपटात जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकच्या मदतीने बाईंनी काम सुरू केले. त्यांनी आधी बशा, कप, बश्यांचे ताटवे मोजले. प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे केले. हे कप्पे एका आडव्या चाकावर बसवले आणि ते चाक तांब्याच्या मोठ्या भांड्यात ठेवले. चाक फिरायचे आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचे फवारे भांड्यांवर बसायचे.

याआधीही प्रयत्न झाले होते. १८५० मध्ये जोएल हाउटन यांनी लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यात हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडवायचे. पण पाणी उडवणे वेगळे आणि पाण्याच्या जोराने घासणे वेगळे. जोसेफिनबाईंचे मोठेपण इथे आहे. भांडे जागेवर घट्ट धरून ठेवायचे आणि घासण्याचे काम पाण्याच्या दाबाकडे सोपवायचे, ही त्यांची कल्पना. आज आपल्या घरातल्या यंत्रातही तेच तत्त्व आहे.

घराऐवजी हॉटेलात

यंत्र बायकांसाठी बनवले होते, पण विकत घेतले ते हॉटेलांनी. शिकागोचे पामर हाउस आणि शर्मन हाउस ही बड्या हॉटेलांची नावे त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांत आहेत. त्या काळात कुलीन घरातल्या बाईने एकट्याने हॉटेलाच्या दिवाणखान्यातून चालत जाणे हीच धाडसाची गोष्ट होती. यंत्र बनवण्यापेक्षा ते पाऊल टाकणे आपल्याला अवघड गेले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. परदा फक्त आपल्याकडेच असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

१८९३ मध्ये शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. मराठी वाचकाला ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ह्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. इस्लामच्या बाजूने तिथे बोलणारे मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब हे अमेरिकन नवमुस्लिम होते. सभागृहात धर्मांची चर्चा चालू होती तेव्हा प्रदर्शनातल्या उपाहारगृहांत जोसेफिनबाईंची यंत्रे हजारो लोकांच्या उष्ट्या बशा धुऊन काढत होती. यंत्राच्या बांधणीबद्दल त्यांना तिथे पारितोषिकही मिळाले. त्यानंतर हॉटेले, रुग्णालये, महाविद्यालये यांच्याकडून मागणी वाढली.

घरे मात्र दूरच राहिली. कारण साधे होते. यंत्राला भरपूर गरम पाणी लागे आणि त्या वेळच्या बहुतेक घरांत एवढे पाणी तापवण्याची सोयच नव्हती. अनेक ठिकाणचे पाणी जड, म्हणजे क्षाराचे होते. त्यात साबणाला फेस येत नसे. घाण पाणी वाहून नेणारे गटार सगळीकडे नव्हते. वीज तर नव्हतीच. हॉटेलाकडे बॉयलर होता, नळ होता, मोरी होती. घराकडे एक चूल होती आणि एक बाई होती.

जोसेफिन कॉक्रेन १९१३ मध्ये वारल्या. त्यांची कंपनी पुढे १९२६ मध्ये होबार्ट या कंपनीने घेतली. ज्या गृहिणींसाठी म्हणून यंत्र जन्माला आले, त्यांच्या स्वयंपाकघरात ते पोचलेले पाहणे बाईंच्या नशिबात नव्हते.

घराच्या मापाचे यंत्र

घरात मावेल असा डिशवॉशर १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हॉवर्ड लिव्हेन्स यांनी आखला. पुढून उघडणारे दार, आत तारेची जाळी, फिरत फिरत पाणी फवारणारा दांडा, असे आजचे जवळजवळ सगळे अवयव त्यात होते. हे लिव्हेन्स कोण? पहिल्या महायुद्धात विषारी वायूचे गोळे शत्रूवर फेकणारे जे साधन ब्रिटिश फौजेने वापरले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या डोक्यातून ते निघाले त्याच डोक्यातून भांडी धुणारे कपाटही निघाले. माणसाच्या हुशारीला स्वतःची दिशा नसते, ती दिशा काम सांगणारा देतो.

१९२९ मध्ये जर्मनीच्या मीले कंपनीने विजेवर चालणारा डिशवॉशर बाजारात आणला. तरीही घराघरांत तो जायला दुसरे महायुद्ध संपावे लागले. अमेरिकेत १९५० च्या दशकात नवी घरे बांधली गेली ती नळ, गटार, गीझर आणि विजेसकट. दुसरीकडे घरकामाला मिळणाऱ्या बाया कमी झाल्या, कारण त्यांना कारखान्यात आणि दुकानांत बरे पैसे मिळू लागले होते. पाणी आले आणि हात गेले, तेव्हा यंत्र आत शिरले. अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात ते सर्रास दिसू लागले ते १९७० च्या दशकात.

दरम्यान ह्या यंत्राने राजकारणही केले. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोत अमेरिकेचे प्रदर्शन भरले होते. तिथे उभारलेल्या नमुना स्वयंपाकघरात उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची जाहीर वादावादी झाली. निक्सन यांनी डिशवॉशरकडे बोट दाखवून सांगितले की आमच्या बायकांचे कष्ट आम्ही असे हलके करतो. ख्रुश्चेव्ह म्हणाले की बायकांकडे पाहण्याची ही भांडवलशाही नजर आमच्याकडे नाही. अणुबॉम्ब बाळगणाऱ्या दोन सत्तांचे दोन पुरुष भांड्यांवरून भांडत होते. घरी गेल्यावर दोघांपैकी कोणी ताट उचलून ठेवत होते का, याची नोंद त्या बातम्यांत नाही.

रुथ श्वार्ट्झ कोवान ह्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ह्याच विषयावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. घरात यंत्रे आली तेव्हा पुरुषांची आणि मुलांची कामे गेली. लाकडे फोडायला नकोत, पाणी भरायला नको. नोकरही गेले. पण आईच्या कामाचे तास काही तेवढे कमी झाले नाहीत. कपडे धुण्याचे यंत्र आले तर कपडे रोज बदलले जाऊ लागले. स्वच्छतेची पातळी वाढत गेली आणि ती गाठण्याची जबाबदारी एकटीवर आली. हे वाचताना आपल्या घरातली अम्मी आठवल्याशिवाय राहत नाही.

राख, कल्हई आणि स्टील

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आजीच्या पिढीने भांडी घासली ती चुलीतल्या राखेने, चिंचेने आणि नारळाच्या काथ्याने. राखेने भांडे निघते याला शास्त्र आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो. तो तेलातुपाशी मिसळला की त्याचा साबणासारखा पदार्थ होतो. आज डिशवॉशरच्या पावडरीत सोडियम कार्बोनेट असते, म्हणजे त्याच घरातला दुसरा भाऊ. भर पडली आहे ती डाळभाताचा चिकटपणा तोडणाऱ्या एन्झाइमांची. फेस मात्र ह्या पावडरीला मुद्दाम येऊ देत नाहीत, कारण फेसाने फवाऱ्याचा जोर मरतो. म्हणून ह्या यंत्रात नेहमीचा भांड्यांचा साबण घालायचा नसतो.

चिंच लागे ती तांब्यापितळेला. मुसलमान घरांत तांब्याची देगची, पातेली, तबके असत आणि त्यांना आतून कल्हई केलेली असे. गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की घरातली भांडी बाहेर यायची. भाता, नवसागराचा तो धूर, आणि काळ्या पडलेल्या पातेल्यात कथलाचा बोळा फिरवताच उजळणारी चांदीसारखी चमक. हा धंदा करणाऱ्यांत आपल्या समाजातली बरीच घरे होती. स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि ही हाक हळूहळू बंद झाली. एका कारागिराची रोजी गेली, पण घासणाऱ्या बाईचे मनगट थोडे सुटले. इतिहासात असे दोन्ही एकदम होत असते आणि आपण सोयीने एकच बाजू सांगतो.

स्टीलचा आणि डिशवॉशरचा संबंध आहे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंडी तवा ह्या यंत्रात घालू नये असे सांगतात. ॲल्युमिनियम काळे पडते, लोखंड गंजते. आपल्या मांडणीवर स्टील आणि काच आली नसती तर हे यंत्र आपल्या उपयोगाचेच नव्हते.

तीन प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या घरी हे यंत्र बसवले. बसवायला आलेल्या मिस्त्रीने आत येताच यंत्राकडे पाहिलेही नाही. त्याने तीन प्रश्न विचारले. "मॅडम, टाकी किती उंच आहे? पाणी कुठे सोडायचे? आणि सोळा अँपियरचा पॉइंट आहे का?" हे तीन प्रश्न ऐकताना मला वाटले की डिशवॉशरचा सगळा इतिहास ह्यातच आला.

पहिला प्रश्न पाण्याच्या दाबाचा. यंत्राला पाऊण इंची नळाची तोटी लागते आणि पाणी थोड्या जोराने यावे लागते. टाकी छतावर पुरेशी उंच असेल तर भागते. नळाचे पाणी घरात येणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट नाही. मुंबईत विहार तलावाचे पाणी आले ते १८६० मध्ये. औरंगाबादकरांना मात्र सांगायला थोडा अभिमान आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अशाच आणलेल्या पाण्याच्या जोरावर पाणचक्की फिरू लागली आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळू लागली. घरकामातले एक कष्टाचे काम पाण्याच्या दाबाकडे सोपवण्याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे. पण ते पीठ खानकाहचे होते. गावातल्या घरांत जाते बाईच्याच हातात राहिले. शिकागोत यंत्र आधी हॉटेलात गेले, इथे ते दर्ग्यात गेले. घराचा नंबर दोन्हीकडे शेवटचा.

आजही मराठवाड्यात अनेक वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. तिथे "टाकी किती उंच" ह्या प्रश्नाच्या आधी "टाकीत पाणी आहे का" हा प्रश्न येतो. खरे सांगायचे तर आजचा डिशवॉशर एका खेपेत साधारण १० लिटरच्या आसपास पाण्यात काम करतो. नळ सोडून घासण्यापेक्षा हे कमीच आहे. पण बादलीभर पाण्यात सगळ्या घराची भांडी काढणाऱ्या बायाही आपल्याकडे आहेत. त्यांना पाणी वाचवायला कोणी शिकवू नये.

बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर यंत्रात एक खास जाड मीठ घालावे लागते. आत राळेसारख्या पदार्थाचे बारीक मणी असतात. ते पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मीठ त्या मण्यांना पुन्हा ताजे करते. जोसेफिनबाईंच्या गिऱ्हाइकांना ज्या जड पाण्याने छळले, त्यावरचा हा उपाय.

दुसरा प्रश्न निचऱ्याचा. घाण पाण्याची नळी मोरीच्या पाइपला जोडण्याआधी ओट्याखाली वरपर्यंत उचलून, वळसा देऊन मग खाली आणतात. तो वळसा नसेल तर सिंकमधले घाण पाणी उलटे यंत्रात शिरते. हा साधा वळसा विसरला गेला तर धुतलेल्या भांड्यांना वास येतो आणि लोक यंत्राला दोष देतात.

तिसरा विजेचा. आत पाणी तापवणारे हीटर असते, म्हणून गीझरसारखा पॉइंट आणि पक्के अर्थिंग हवे. शेवटी मिस्त्रीने पाणसळ ठेवून यंत्राचे पाय वरखाली केले. यंत्र तिरके राहिले तर दार नीट बसत नाही आणि पाणी एका बाजूला साठते.

जाता जाता त्याने तळाचे एक छोटे तरंगते बोंडूक दाखवले. बऱ्याच यंत्रांत ते असते. खालच्या तबकात पाणी गळून साठले की ते वर उचलले जाते आणि पाणी बंद होते. मला लगेच अल-जजरी आठवले. दियारबकरच्या दरबारातल्या ह्या कारागिराने १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचे पुस्तक पुरे केले. त्यात हात धुण्यासाठी एक मोर आहे. मोराच्या चोचीतून पाणी पडते. वापरलेले पाणी खाली साठते, त्यावरचा तरंगता गोळा वर येतो, एक दार उघडते आणि नोकराची बाहुली साबणाची पूड घेऊन पुढे येते. पाणी आणखी वाढले की दुसरी बाहुली टॉवेल घेऊन येते. ८०० वर्षांपूर्वीची ही करामत पाहून आपली छाती फुगते, फुगावी. पण हा मोर ज्याच्यासाठी होता त्याच्या घरी खरे नोकर आधीच रांगेने उभे होते. यंत्राने त्यांचे काम हलके केले नाही, त्यांची बाहुली करून मालकाला दाखवली.

हातांची किंमत

नळ, गटार आणि वीज शहरांतल्या बऱ्याच घरांत १९८० च्या आसपास पोचलेली होती. तरी डिशवॉशर आला नाही. कारण धुणीभांडी करणारी बाई महिन्याला जे घेत होती, त्यापुढे यंत्र घेणे कोणालाच परवडणारे वाटत नव्हते. यंत्र महाग होते असे आपण म्हणतो. हात स्वस्त होते, असे म्हणायला आपली जीभ वळत नाही.

त्या हातांनी किंमत मागितल्याचीही नोंद आहे. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायांनी संप केला. पगारवाढ हवी, हक्काची सुट्टी हवी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे बऱ्याच वर्षांच्या चळवळीनंतर महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तो कल्याणकारी योजनांचा कायदा आहे. पगार किती, रजा किती, कामावरून काढताना किती दिवस आधी सांगायचे, हे अजून मालकिणीच्या मनावरच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मग आला मार्च २०२०. टाळेबंदी लागली, सोसायट्यांची दारे बंद झाली, बाया घरी बसल्या. ज्या घरांनी कधी स्वतःचे ताट उचलले नव्हते त्या घरांत सिंक भरून वाहू लागले. काही आठवड्यांत डिशवॉशरची मागणी एवढी वाढली की पैसे भरून वाट पाहायची वेळ आली. १३० वर्षांत जे कोणत्याही जाहिरातीला जमले नाही, ते भांडेवाली न आल्याने झाले. तिच्या कामाची किंमत तिच्या गैरहजेरीत कळली. किती घरांनी त्या महिन्यांचा पगार तिला दिला, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या खालांनी यंत्र बसलेले पाहिले आणि पदराला हात पुसत विचारले, "तो मैं कल से आऊं के नक्को?" हा प्रश्न मिस्त्रीच्या तीन प्रश्नांपेक्षा अवघड आहे. आम्ही ठरवले ते असे की पगार तोच राहील, कढई, तवा, कुकर आणि वरकाम त्यांच्याकडे राहील आणि रविवारी सुट्टी. पण घरात दोन पगार येतात म्हणून हे जमले. शेजारच्या दुसऱ्या घरात यंत्र आले आणि बाई गेली. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. कल्हईवाला गेला तेव्हा त्याच्या मुलांचे काय झाले हे आपण विचारले नाही. निदान ह्या वेळी तरी विचारायला हवे. घर बदलले तर एका महिन्याचा जादा पगार, दुसऱ्या घरी ओळख, मंडळात नोंदणी करून देणे, एवढे तर कोणालाही करता येते.

दुसरा प्रश्न घराच्या आतला आहे. यंत्रात भांडी आपोआप जात नाहीत. खरकटे काढा, बशा तिरक्या लावा, वाट्या पालथ्या घाला, झाल्यावर काढून मांडणीवर ठेवा. हे कोण करणार? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्या बायका १०० पैकी ८१ होत्या, पुरुष २६. कोवानबाई जे अमेरिकेबद्दल सांगतात ते इथेही होऊ शकते. खाला गेल्या, यंत्र आले आणि त्यात भांडी लावणारी तीच एक.

आपल्या समाजात ह्या विषयावर बोलायला फार लांब जावे लागत नाही. जाते ओढून हजरत फातिमांच्या हातांवर उठलेले घट्टे हदीसमध्ये नोंदले गेले आहेत. बादशहांच्या तवारिखांत जे सापडत नाही ते तिथे सापडते. पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात असत, अशी हजरत आयेशांची साक्षही तिथेच आहे. ही हदीस आमच्या मौलवींपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. वाजात सांगितली जाते, लोक माना डोलावतात, जेवण होते, आणि ताटे जागेवर पडून राहतात.

जोसेफिनबाईंनी यंत्र बनवताना सर्वात आधी बशा मोजल्या होत्या. आपणही घरात यंत्र आणण्याआधी थोडी मोजदाद करावी. दिवसाला किती भांडी पडतात, ती कोण घासते, तिला किती वेळ लागतो आणि त्याचे तिला काय मिळते. हा हिशोब कागदावर मांडला की यंत्र घ्यायचे की नाही ते ठरवणे सोपे जाईल. आणि नाहीच घेतले, तरी जेवून उठताना आपले ताट आपण उचलायला कोणत्याही मिस्त्रीची वाट पाहावी लागत नाही.